चालत जायची शाळा

हॅलो?

हॅलो… हो, निशिगंधाच बोलतेय. कोण?

…आवाज तुटतोय. थांबा हं, गॅलरीत येते. आमच्या कोपरला घरात रेंजचं काही खरं नाही. हां, बोला आता.

कोण? सेरेना?

अगं बाई… म्हणजे… हो, हो, ओळखलं ना. न ओळखायला काय झालं. नंबर जर्मनीचा दिसला, मला वाटलं प्रीतमच. आणि आज रविवार पण नाही… बरा आहे ना तो? …नक्की? …नाही, तुमचा एकटीचा फोन कधी येत नाही, म्हणून धस्स झालं.

सान्वी मजेत. खाली खेळतेय. मे महिन्याची सुट्टी, घरात टिकतेय कुठे! …नाही नाही, वेळ आहे मला. माझं लॅबचं काम सकाळीच आटपतं. उपाशीपोटी येतात ना लोक, त्यांचं रक्त घेतलं की सुटले. …हो, तेच म्हणते मी घरी. तुम्ही नर्स, मी लॅबवाली, दोघी सुया टोचणाऱ्याच.

बोला ना.

…प्रीतमला न सांगता? का?

…नाही, मी नाही सांगणार त्याला. पण काय आहे ते तर कळू दे.

शाळा? शाळा ठरली ना! मागच्या रविवारीच म्हणाला तो. ती मोठी, इंग्रजीवाली. ऑफिसमधल्या सगळ्यांची मुलं तिथेच जातात म्हणाला. बस दाराशी येते. फोटो पाठवलेले त्याने. पोहण्याचा तलाव बघून सान्वीचे डोळे एवढे मोठे झालेले.

…तुम्हाला नाही पटत.

…अच्छा.

बघा सेरेना, मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. तो तिचा बाप आहे. मी मावशी. कल्पिता गेली… माझी धाकटी बहीण… तेव्हा सान्वी धड वाक्य बोलत नव्हती. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. प्रीतमला जर्मनीला मीच पाठवला. म्हटलं, नोकरी मिळतेय तर जा, पोरीला मी बघते. आता त्याचं बस्तान बसलं, तुमच्याशी लग्न झालं, तो मुलीला नेतोय. न्यायलाच पाहिजे. मी कधी आडवी आले का? नाही ना? मग त्याने ठरवलंय त्यात मला कशाला मध्ये घेता?

…काय?

…सान्वी कशी आहे, ते माझ्याकडून ऐकायचंय तुम्हाला?

…

हॅलो… हो, आहे मी लाईनवर. आहे, आहे. असं कोणी विचारलं नव्हतं मला आजवर, म्हणून… असो.

कशी आहे म्हणजे… काय सांगू? दूध फक्त स्टीलच्या पेल्यातून पिते. वरणभातावर तूप नसलं तर जेवण झालं असं धरतच नाही. घरात इतकी बडबड, इतकी बडबड, की आमचे संदेश टीव्हीचा आवाज वाढवून बसतात. आणि एकदा का दाराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. डिसेंबरात तुम्ही दोघं आलात तेव्हा बघितलंत ना. …हो, पलंगाखाली. जेवायला पण बाहेर आली नाही. …नाही हो, तुमच्यावर राग नव्हता तो. आमचा गॅसवाला आला तरी जाते पलंगाखाली.

…मैत्रिणी आहेत की. खाली दोघी-तिघी आहेत. पण त्या लहानपणापासूनच्या. नवीन माणसाशी बोलायचं म्हणजे हिचं अंग चोरलं जातं. मोठ्या माणसांशी तर नाहीच.

थांबा, एक सांगते. प्रीतमला पण माहीत नाही हे.

पहिलीत गेली तेव्हाची गोष्ट. बाई नवीन होत्या. चांगल्या होत्या हो, बाईंचं काही नाही त्यात. हिला शू लागली. आता जायचं तर हात वर करून विचारायला पाहिजे. ते जमेना. बसून राहिली. बसून बसून… बाकावरच झाली. मला लॅबमध्ये फोन आला, मी तशीच रिक्षा पकडून गेले. ही पोर जिन्याशी उभी, दप्तर पुढे धरून. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडेल. तर नाही. मला बघितलं आणि म्हणाली, “माऊ, मी बाक पुसला.”

…हो. रुमालाने. आपल्या रुमालाने पुसलेला.

…मला माऊ म्हणते ती. मावशीचं माऊ.

…तिनेच सांगितलेलं, बाबाला नको सांगू. म्हणून नाही सांगितलं. आज तुम्हाला सांगितलं. तुमच्यापाशीच ठेवा.

…बरं.

…हो, ऐकतेय. बोला.

…तुम्ही दुसरी शाळा बघून आलात? एकट्याच?

…घराच्या मागे? म्हणजे चालत जायची? …सरकारी? …अच्छा, तिकडे बहुतेक सगळे सरकारीच शाळेत. …हं. …पण तिथे तर सगळं जर्मन असणार! …म्हणजे आधी वेगळा वर्ग? भाषा न येणाऱ्या मुलांचा? …कुठून कुठून आलेली? …सीरिया, युक्रेन, आणि? …एक श्रीलंकेचा मुलगा. बरं. म्हणजे कोणालाच बोलता येत नाही. सगळेच आमच्या सान्वीसारखे!

…काय ठेवतात बाकावर?

…चित्रं?

…थांबा, थांबा. परत सांगा. सावकाश.

…नळाचं चित्र. डब्याचं चित्र. दुखतंय असं एक तोंड केलेलं चित्र. आणि संडासचं. …आणि काय हवं ते नुसतं उचलून दाखवायचं? …बोलायलाच नको? …आणि बाई मान हलवतात, झालं.

…

…नाही, ऐकतेय मी.

तुम्हाला कसं सुचलं हो, हे बघून यायचं? तुम्हाला तर बाकाचं माहीत पण नव्हतं.

…पलंगाखाली दिसली तेव्हापासून डोक्यात होतं?

…हं.

नाही, पण सेरेना, ऐका ना. चित्रं झाली दोन महिने. पुढे काय? पुढे जर्मनच ना? तिला इंग्रजी निदान थोडं तरी येतं. मराठी शाळेत आहे, पण गणित इंग्रजीतून आहे तिचं. आणि उद्या परत आली तर? …नाही, असं कसं, काही सांगता येत नाही. प्रीतमची नोकरीच हलली… किंवा दहावीला आली, कॉलेजला आली. तेव्हा इकडे जर्मन घेऊन काय करणार ती? डोंबिवलीत कोणाशी बोलणार? इंग्रजी असलं की मुलाला कुठेही नेऊन बसवता येतं.

…काय म्हणालात?

…मला हवी आहे का ती परत?

हा काय प्रश्न झाला.

…

…हो. हवी आहे.

विचारलंत म्हणून सांगते. तिचा कपाटातला कप्पा मी रिकामा करणार नाही, असं संदेशना आधीच सांगून ठेवलंय. आम्हाला दुसरं कोणी नाही हो. इंग्रजी शाळा म्हटल्यावर मला बरं वाटलेलं. का बरं वाटलं, ते आत्ता बोलता बोलता कळलं. ती अर्धीच जाईल असं वाटलेलं. एक पाय इकडेच राहील.

…नाही, तुमचं काही चुकलं नाही. बरं झालं विचारलंत. मी स्वतःला कधी विचारलं नसतं.

…

बरं, ती बस किती वेळ घेते? …एवढा? जायलाच? अहो, तेवढ्यात माणूस लोकलने कोपरहून पार खडवलीला पोचेल! आणि थंडीत तर तुमच्याकडे सकाळी काळोख असतो ना? …आणि तिला गाडी लागते, माहितीये का? …मग! रिक्षाने कल्याणला नेलं तरी मी पिशवी घेऊन बसते. प्रीतमला हे कसं आठवलं नाही! …नाही, दोष नाही देत त्याला. त्याच्यासमोर कधी लागलेलीच नाही.

पण मग चालत सोडणार कोण? प्रीतम तर पहाटेच निघतो म्हणे.

…तुम्ही? पण तुमची तर सकाळची ड्युटी.

…बदलून मागितली? …मिळाली? …म्हणजे आता सगळी दुपारची आणि शनिवार-रविवारची तुमच्याच गळ्यात? …आणि प्रीतमला हे पण माहीत नाही? अगं वेडी आहेस का तू! आधी नवऱ्याशी बोलायचं की आधी ड्युटी बदलायची?

…

…हो, अगं म्हटलं मी. निघून गेलं तोंडातून. सॉरी हं.

…बरं, तर मग अगंच म्हणते. तू पण मला ते निशिगंधाजी, निशिगंधाजी नको करूस, मला बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं. ताई म्हण. प्रीतम ताईच म्हणतो.

…काय झालं? सेरेना? रडतेयस का गं?

…अगं, हॉस्पिटलात उभी आहेस ना? लोक बघतील. डोळे पूस बघू. …जेवणाची सुट्टी आहे? मग जेवलीस कुठे? …मग बोलता बोलता खा. मला काही वाटणार नाही, चावल्याचा आवाज आला तरी. …हां. खा.

आणि एक ऐक. घरात मराठीच बोल तिच्याशी. …तुझं माहेरचं, उत्तनचं मराठी बोल की! छान वाटतं ऐकायला. बाहेर जर्मन शिकू दे, घरात तुमचे दोन नवीन शब्द शिकू दे. पुढच्या वेळी मला शिकवेल.

…अगं थांब, दार वाजलं. आली वाटतं.

आलीस? चपला बाहेर. …पाणी आधी, बसून पी. …किती घामाघूम झालीस, केस बघ! …कोणाचा नाही गं, लॅबमधल्या बाईंचा फोन आहे.

…

…हो सेरेना, ऐकलंस तू. खोटं बोलले मी. सवय झालीय, तुमच्याकडचं काही निघालं की ती गप्प होते म्हणून आम्ही विषयच टाळतो. पण नको. आता नको तसं.

सान्वे, इकडे ये. लॅबमधल्या बाई नाहीत. सेरेना आहे फोनवर. बाबाकडची सेरेना. …हो, तीच. डिसेंबरात आलेली.

…पडद्यामागे गेली. …हो, पाय दिसतायत. …नको, तू काही बोलू नकोस. मीच सांगते तिला.

सान्वे, ऐकतेयस ना तिथून? सेरेना तुझ्यासाठी अजून एक शाळा बघून आली. बाबाने दाखवली ती मोठी, बसची. ही लहान आहे. घराच्या मागेच. चालत जायची. …काय? …सेरेना, विचारतेय, बाई ओरडतात का?

…सान्वे, ती होती तेव्हा नाही ओरडल्या म्हणते. नंतरचं माहीत नाही म्हणते. …हसू नको, खरं तेच सांगितलं तिने.

…विचारतेय, तलाव आहे का? …नाही गं सान्वे, तलाव नाही. …अगं सेरेना, पाय एकदम पाठमोरे झाले. थांब, काय म्हणालीस? …तिसरीत शाळाच नेते पोहायला? …सान्वे, ऐकलंस? तिसरीत गेलीस की शाळेच्या बाई पोहायला नेतात. सगळ्यांना. …हो, टोपी घालून.

आणि तिथे ना, बाकावर चित्रं असतात. पाणी हवं असेल तर नळाचं चित्र उचलायचं. बाहेर जायचं असेल तर त्याचं वेगळं चित्र. तोंडाने काही विचारायला लागत नाही, जोवर येत नाही तोवर. …हो, खरंच. सेरेनाने स्वतः बघितलं.

…

सेरेना, बाहेर आली गं पडद्यातून. माझ्या मांडीला टेकून उभी आहे.

…विचारतेय, चित्र दाखवलं की बाकीची मुलं हसत नाहीत ना? …सगळीच दाखवतात. सान्वे, सगळीच दाखवतात म्हणते, मग कोण कोणाला हसणार?

…चालत कोणाबरोबर? सेरेनाबरोबर. …विचारतेय, हात धरायला लागतो का?

…रस्ता ओलांडताना धरायचा, म्हणतेय. बाकी तुझी मर्जी.

…हो? …मान हलवली. चालेल म्हणतेय.

अजून काय? …मोठ्याने बोल ना, मला पण ऐकू आलं नाही. …

…

सेरेना… ती विचारतेय, तिथल्या मुलांनी विचारलं की तू तिची कोण, तर काय सांगायचं?

…

…बरं. …बरं, सांगते तसंच.

सान्वे, सेरेना म्हणते, ते तू ठरव. घाई नाही. तोवर सेरेनाच सांग. आईचं नाव कोणी विचारलं तर कल्पिता सांगायचं, तेच तुझ्या आईचं नाव आहे, म्हणते.

…

नाही गं, काही नाही झालं माऊला. जवळ ये. …नाही, नाही रडत. अशीच घट्ट उभी राहा जरा.

…सेरेना, आहेस ना? …हो. मला सुचलं नसतं हे असं सांगायला. खरंच नसतं सुचलं.

बरं, मग ठरवायचं का, सान्वीबाई? बसची की चालतची? …नीट विचार कर. माऊला काय वाटेल, बाबाला काय वाटेल ते सोड. तुला जायचंय तिथे. …

…चालतची.

ऐकलंस, सेरेना? चालतची म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

…प्रीतमचं मी बघते. तू नको बोलूस आधी, उगाच तुमच्यात व्हायला नको. रविवारी फोन आला की मीच विषय काढते. …नाही गं, ऐकेल तो. तो हट्टी नाही, घाबरट आहे. इंग्रजी त्याच्या ओळखीचं, म्हणून मुलीला तिथे सुरक्षित वाटेल असं त्याला वाटतं. नवीन गेलेला तेव्हा दुकानात ब्रेड मागायला लाजायचा. मला फोन करून सांगायचा, ताई, आज परत बिस्किटांवर भागवलं. …तुला नव्हतं माहीत? मग! सान्वी कोणावर गेली असं वाटलं तुला? त्याच्या हातात पण चित्रं दिली असती तर बरं झालं असतं.

…पण त्याला पटवायचं तर बाकाचं सांगावं लागेल. थांब, हिलाच विचारते. सान्वे… ते पहिलीतलं, बाकाचं, बाबाला सांगू का? तू नको म्हणालेलीस, म्हणून विचारतेय. …

…मी सांगेन, म्हणतेय. स्वतः.

बघ बाई. मी रविवारी फक्त फोन धरून बसायचं.

…हो, कपड्यांचं बोलू नंतर. थंडीचं तिकडेच घे, इकडचं काही कामाचं नाही. दुधासाठी स्टीलचा पेला मी देतेच तिच्याबरोबर. …तूप? तूप तिकडे मिळतं का? …तू कढवशील? येतं तुला? …मग मी काही बोलत नाही.

…नाही, मी नाही येणार सोडायला. प्रीतम विचारत होता. आधी येणार म्हटलेलं मी. पण मी आले तर ती माझ्याच पदराला धरून राहील, आणि मी पण सोडणार नाही. मी नंतर येईन. तिची शाळेत घडी बसली की. …नाताळात? बघू. …बरं, येईन. संदेशना विचारते. येईन गं, म्हटलं ना.

…काय गं सान्वे? ओढू नको, हात दुखतो माझा. काय हवंय?

…फोन? तुला?

…

सेरेना, ती फोन मागतेय.

…अगं, मी पण दचकले. आजवर बाबाशिवाय कोणाचा घेतला नाही तिने. …हो, देते. पण ऐक, पटकन ऐक. ती आधी गप्प राहील. तू लगेच बोलू नकोस, हॅलो हॅलो करू नकोस. थांब नुसती. आधी एक मोठा श्वास घेते ती, ऐकू येतो. तो आला की समज, आता बोलणार. …हां. जपून हं.

घे. दोन्ही हातांनी धर. …इकडून ऐकायचं, हां, असं.

…कुठे निघालीस?

…आतल्या खोलीत? का गं? इथे रेंज आहे, इथेच बोल की. …माझ्यासमोर नको?

…

बरं. जा. खिडकीपाशी उभी राहा, तिथे येते थोडी रेंज.

…नाही ऐकत मी. …नाही, दाराला कान पण लावत नाही. इथेच बसलेय गॅलरीत.

…अगं दार कशाला… बरं, लाव.

सान्वे! बोलून झालं की लाल बटण दाबायचं हं!

…काय?

…माहितीये?

…बरं बाई. तुला माहितीये.